सेल्समनच्या कमिशनचा करार: नव्या मालकांनी आणि नव्या सेल्समननी काय लिहून घ्यावं

बेळगावच्या उद्यमबागेत नवा कारखाना टाकलेला असो की रविवार पेठेत नवं होलसेल दुकान, पहिला सेल्समन ठेवताना बोलणं एका आकड्याभोवती फिरतं. "दोन टक्के देतो." "अडीच करा की मालक." सव्वादोनवर जमतं, चहा येतो आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस बॅग घेऊन संकेश्वर-निपाणी लाइनला निघतो. पुढं सहा महिन्यांनी वाजतं तेव्हा त्या सव्वादोनबद्दल कुणाचीच तक्रार नसते. सव्वादोन टक्के कशाचे, ते हातात कधी पडायचे आणि पार्टीनं पैसे थकवले तर काय, यावर वाजतं. दोघंही आपापल्या परीनं बरोबर असतात, कारण कागदावर त्यातलं काहीच नसतं.

म्हणून टक्का शेवटी ठरवा. आधी बाकीचं ठरवा. मालक आणि सेल्समन दोघांनी एकत्र बसून केलं तर तासा-दोन तासांचं काम आहे. मालकानं एकट्यानं लिहून सहीला पुढं सरकवलेला कागद मला पटत नाही. ऑफिसात बसलेल्या माणसाला लाइनवर काय काय घडतं ते सुचतच नाही.

तो कर्मचारी आहे की एजंट?

रोज कुठं जायचं ते तुम्ही सांगता, संध्याकाळी रिपोर्ट घेता, रजा तुम्ही देता आणि महिन्याला पगार देता, तर तो कर्मचारी. स्वतःच्या सवडीनं फिरतो, चार कंपन्यांचा माल विकतो आणि विकला तेवढ्याचेच पैसे घेतो, तर तो एजंट. कागदावर 'एजंट' लिहून माणसाला नोकरासारखं राबवलं तर वादाच्या वेळी कागदाचं नाव कामी येत नाही, काम प्रत्यक्षात कसं चालायचं ते बघितलं जातं.

पैशाच्या बाजूनंही फरक पडतो. कर्मचाऱ्याचं कमिशन आयकराच्या दृष्टीनं पगारच असतं, पगारात धरूनच टीडीएस (पैसे देतानाच कापून घ्यायचा आयकर) होतो आणि त्यावर जीएसटी लागत नाही. एजंटाचं कमिशन वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेलं की टीडीएस कापायची जबाबदारी असलेल्या मालकाला २ टक्के कापावे लागतात. एजंटाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर त्याला जीएसटी नोंदणी करावी लागते.

इथून पुढं मी कर्मचाऱ्याबद्दलच लिहितोय. त्याला 'विकलंस तर मिळेल, नाही तर नाही' म्हणून नुसत्या कमिशनवर ठेवता येत नाही. किमान वेतन द्यावंच लागतं आणि कर्नाटकात त्यातला महागाई भत्त्याचा आकडा दर एप्रिलला बदलतो, तो बघत राहा. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यानुसार नेमणुकीचं पत्र ३० दिवसांच्या आत द्यायचं असतं. कमिशनचा कागद त्या पत्रालाच परिशिष्ट म्हणून जोडा. वेगळा सुटा कागद असला की तो नेमका हवा तेव्हा सापडत नाही.

टक्का कशावर

बिल १,१८,००० रुपयांचं आहे, त्यात १८,००० जीएसटी. दोन टक्के म्हणजे २,००० की २,३६०? जीएसटी सरकारचा, तो तुमच्या विक्रीत नाही, म्हणून हिशेब १,००,००० वर धरायचा. हे सगळ्यांना कळतं, तरी लिहा. पुढं भाडं, पॅकिंग, पार्टीला दिलेला रोख डिस्काउंट आणि 'दहावर एक फुकट' सारखी स्कीम, या चारही गोष्टी टक्क्याच्या आत की बाहेर ते एकेका ओळीत लिहून टाका. सेल्समननं मालकाला न विचारता जास्त डिस्काउंट दिला तर त्याचं काय, हेही इथंच येतं. माझं मत असं की ठरलेल्या मर्यादेपर्यंतचा डिस्काउंट विक्रीतून वजा व्हावा आणि त्याच्या वरचा मालकाच्या मेसेजशिवाय देताच येऊ नये. 'वरचा त्याच्या कमिशनमधून कापू' असं लिहिणं मालकाला सोपं वाटतं, पण मग सेल्समन डिस्काउंट लपवायला लागतो आणि पार्टीचं खातं कधीच जुळत नाही.

कमिशन पक्कं कधी होतं

सगळा करार या एका मुद्द्यावर उभा असतो. इथं घाई करू नका.

ऑर्डर मिळाली तेव्हा, बिल होऊन माल निघाला तेव्हा किंवा पार्टीकडून पैसे जमा झाले तेव्हा, असे तीन क्षण असतात. सेल्समन म्हणतो, "माल गेला की माझं काम झालं." मालक म्हणतो, "पैसे आल्याशिवाय विक्री कसली?" दोघांच्या म्हणण्यात दम आहे आणि आपल्या भागात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाड हा उसाचा पट्टा. पंप, पाइप, ठिबकचं सामान, खतं, औषधं विकणारा डीलर शेतकऱ्याला उधार देतो आणि शेतकरी ऊसबिल आलं की भागवतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणं साखर कारखान्यानं १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, पण बिलं थकली की डीलरही थकतो आणि त्याच्या मागं तुमचं खातंही. दिवाळीच्या आधी विकलेल्या मालाचे पैसे उन्हाळ्यात येतात. अशा ठिकाणी पूर्ण कमिशन वसुलीवर ठेवलं तर सेल्समननं तोवर पेट्रोल कशाच्या पैशानं भरायचं? आणि पूर्ण कमिशन बिलावर ठेवलं तर ज्याची बाजारात पत नाही अशा पार्टीच्या गळ्यात माल मारायचा मोह कुणालाही होईल.

मी अर्ध्या-अर्ध्याच्या बाजूचा आहे. निम्मं बिलावर, निम्मं वसुलीवर. कागदावर ते असं दिसेल:

"माल पाठवून बिल झाल्यावर त्या बिलावरच्या कमिशनपैकी निम्मी रक्कम पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर मिळेल. उरलेली निम्मी रक्कम पार्टीकडून पैसे कंपनीच्या बँक खात्यात जमा होतील त्या प्रमाणात, जमा झालेल्या महिन्याच्या पुढच्या पगाराबरोबर मिळेल. चेक वटल्याच्या तारखेला पैसे जमा झाले असं धरलं जाईल. पार्टीनं बिल न सांगता पैसे दिल्यास ते सर्वांत जुन्या बिलाला आधी लावले जातील."

यातली शेवटची दोन वाक्यं बहुतेक जण विसरतात. पुढच्या तारखेचा चेक घेऊन आलेला सेल्समन वसुली झाली म्हणतो, आणि चेक परत येतो. पार्टी ५०,००० रुपये 'खात्यावर' म्हणून देते आणि ते जुन्या सेल्समनच्या बिलाला लागले की नव्याच्या, यावर दोन माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात.

आता आकड्यांत. समजा दर दीड टक्का. महिन्याची विक्री जीएसटी सोडून ६,००,०००. त्यातून ४०,००० चा माल परत आला, १०,००० डिस्काउंट गेला. उरले ५,५०,०००. त्यावर कमिशन ८,२५०. निम्मं, म्हणजे ४,१२५, बिलावर मिळालं. या बिलांचे जीएसटीसकट ६,४९,००० यायचे होते, त्यातले ३,८९,४०० जमा झाले, म्हणजे ६० टक्के. मग दुसऱ्या निम्म्यातले ६० टक्के, २,४७५, मिळाले. १,६५० वसुलीसाठी थांबले. असाच एक हिशेब तुमच्या आकड्यांनी करारातच लिहून टाका. कलमाच्या भाषेत काही राहून गेलं तरी उदाहरणातून दोघांच्या मनात काय होतं ते दिसतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ प्रमाणं ज्याचा अर्थ ठरवताच येत नाही असा करार रद्दबातल असतो. 'योग्य ते कमिशन दिलं जाईल' असं मोघम लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वसुली करायची कुणी, तेही लिहा. सेल्समन रोख घेणार असेल तर छापील पावतीपुस्तक द्या आणि दुसऱ्या दिवशी भरणा. यूपीआय फक्त कंपनीच्या क्यूआरवर. सेल्समनच्या फोनवर पार्टीनं पैसे टाकले की सरळ माणूसही संशयात येतो.

स्लॅब लावणार असाल तर

चार लाखांपर्यंत एक टक्का, त्याच्या वर दोन टक्के. विक्री झाली पाच लाख. पहिल्या चार लाखांचे ४,००० आणि वरच्या एक लाखाचे २,००० मिळून ६,०००? की पाचही लाखांवर दोन टक्के, १०,०००? एकाच वाक्यातून दोन अर्थ आणि मध्ये ४,००० चा फरक. "वरचा दर फक्त वरच्या रकमेला" एवढे शब्द घातले की मिटलं.

दुसरी पद्धत, म्हणजे टार्गेट गाठलं की सगळ्या विक्रीवर वाढीव दर, मला धोक्याची वाटते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी टार्गेटला दहा-वीस हजार कमी पडले की ओळखीच्या डीलरला फोन जातो, "आज बिल करून घ्या, पुढच्या आठवड्यात परत पाठवा." ही चलाखी थोपवायला टार्गेट महिन्याचं न ठेवता तीन महिन्यांचं ठेवा आणि परत आलेला माल मूळ बिलाच्या महिन्यातून वजा करा.

लाइन आणि पार्टी कुणाची

'कोल्हापूर बाजू', 'घाटाखालचा भाग' असं तोंडी चालतं, करारात चालत नाही. तालुके लिहा, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज असे. सीमेवर मात्र तालुका लिहूनही प्रश्न उरतो. निपाणीचा डीलर ऑर्डर देतो, त्याचं दुसरं दुकान कागलला, माल तिकडं उतरतो, बिल कागलच्या जीएसटी नंबरवर होतं. निपाणी एका सेल्समनकडं आणि कागल दुसऱ्याकडं असेल तर कमिशन कुणाचं? ऑर्डरचा पत्ता, बिलाचा पत्ता आणि माल उतरल्याचा पत्ता, यातला एक निवडा आणि लिहा. बिलाचा पत्ता सोपा पडतो, कारण तो वहीत असतोच. पार्टीनं बिलाचं दुकान बदललं तर तीन महिने कमिशन दोघांत निम्मं-निम्मं, असं एक वाक्य जोडा, म्हणजे बदलामागं कुणाचा हात होता ते शोधत बसायला नको.

मालकाच्या जुन्या पार्ट्यांची यादी नावानिशी जोडा आणि त्यांच्यावर कमिशन शून्य, निम्मं की पूर्ण ते लिहा. पार्टीनं थेट ऑफिसला फोन करून ऑर्डर दिली तर? मालकाला वाटतं आपण विकलं. सेल्समन म्हणतो, मागच्या आठवड्यात सँपल दाखवून कुणी आलं होतं? त्याच्या लाइनमधली पार्टी असेल आणि नाव जुन्या यादीत नसेल तर ऑर्डर कुठूनही येवो, कमिशन त्याला, हा नियम मला सरळ वाटतो.

पेट्रोल, कोगनोळीचा टोल, मुक्कामाचा भत्ता हे कमिशनमध्ये मिसळू नका. त्यांचा हिशेब वेगळा.

बुडीत पैसे आणि उचल

पार्टी बुडाली तर न मिळालेलं कमिशन गेलं, हे ठीक. बिलावर आधी दिलेलं निम्मं परत घ्यायचं असेल तर किती दिवसांनी, ते लिहा. १८० दिवस उलटले आणि पैसे आले नाहीत तर पुढच्या कमिशनमधून वळतं करायचं, नंतर पैसे आले तर पुन्हा द्यायचं. पण मालाची किंमतच सेल्समनच्या पगारातून कापू, असं कलम घालायचा मोह टाळा. पगारातून नुकसान कापायला कायदा फार थोडी जागा देतो. माल किंवा पैसा त्याच्या ताब्यात दिलेला असला पाहिजे, नुकसान सरळ त्याच्याच हलगर्जीमुळं झालेलं असलं पाहिजे आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे. पार्टीचा धंदा बसला, यात यातलं काहीच येत नाही.

नव्या माणसाला पहिले काही महिने उचल द्यावी लागते. ती पुढच्या कमिशनमधून फिटणारी आहे की न फिटली तर मालकानं सोडून द्यायची, हे दोनपैकी एक ठरवा. पहिल्या तीन महिन्यांची उचल सोडून द्यायची आणि त्यापुढची फेडून घ्यायची, अशी मधली वाटही बरेच जण काढतात. फेडून घेताना दरमहा किती, तो आकडा ठरवा. एका महिन्याचं सगळं कमिशन उचलीत गेलं की पुढच्या महिन्यात माणूस कामावर येत नाही.

नोकरी सोडताना

दुसरं मोठं भांडण इथं होतं. माणूस सोडून जातो तेव्हा काही ऑर्डरींचं बिल व्हायचं असतं आणि बऱ्याच बिलांची वसुली. सोडण्याआधी ज्या ऑर्डरी लेखी आल्या आणि ६० दिवसांत ज्यांचं बिल झालं, त्यांचं बिलावरचं निम्मं कमिशन त्याला. वसुलीवरचं निम्मं मात्र त्याच्या मागं दुसरा माणूस फिरून वसूल करणार असेल तर दोघांत वाटा. सोडल्यानंतर किती महिने हा हिशेब चालणार ते लिहा, सहा महिने पुरतात. 'राजीनामा दिल्यास सर्व थकीत कमिशन जप्त' असं कलम मी पाहिलंय. मिळवलेले पैसे असे गिळायला निघालात तर तो माणूस कामगार खात्यात जाईल, आणि त्यानं जावं.

'सोडल्यावर दोन वर्षं या धंद्यात काम करणार नाही' हे कलम घालून काही उपयोग नाही. करार कायद्याच्या कलम २७ खाली नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी टिकत नाही. उद्यमबागेतून सुटलेला माणूस मच्छेच्या कारखान्यात लागणारच. रेटलिस्ट, पार्ट्यांची खाती आणि ड्रॉइंग बाहेर देणार नाही, एवढं मागा. ते मागता येतं.

२०२५ पासूनचा बदल

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत आणि नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. 'वेतना'च्या व्याख्येत कमिशन धरलेलं नाही, पण एक अट आहे. अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या की वरचा भाग वेतनात धरला जातो. समजा पगार १६,००० आणि कमिशन २४,०००. एकूण ४०,०००, निम्मे २०,०००. कमिशन ४,००० नं जास्त, म्हणून वेतन १६,००० न धरता २०,००० धरलं जाईल. पगार छोटा आणि कमिशन मोठं ठेवणाऱ्यांनी हा आकडा आपल्या सीएकडून तपासून घ्यावा. पैशाच्या दाव्याला या संहितेत तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा हिशेबाचे कागद तेवढे दिवस तरी जपा.

भाषा, स्टॅम्प, सही

करार दोघांना वाचता येईल त्या भाषेत करा. मराठीत केलेला करार कायद्यानं चालतो. पण बेळगावच्या सरकारी कचेऱ्यांचं काम कन्नडमध्ये चालतं, म्हणून वाद तिथवर गेला तर भाषांतर जोडावं लागतं. सीएनं इंग्रजीत करून दिला असेल तर मराठी प्रत शेजारी ठेवा आणि दोन्हींत फरक निघाल्यास कुठली खरी धरायची ते शेवटी लिहा. सेल्समन जी वाचतो ती खरी धरावी, असं मी म्हणेन.

स्टॅम्पवर करायचा असेल आणि सही बेळगावात होणार असेल तर कर्नाटकाचा ई-स्टॅम्प घ्या. चंदगडहून कुणी येतोय म्हणून महाराष्ट्राचा पेपर मागवू नका. वाद कुठल्या न्यायालयात, तेही लिहा. काम बेळगावातून चालत असेल तर बेळगाव. ज्या गावाचा व्यवहाराशी संबंधच नाही तिथलं न्यायालय लिहून अधिकार मिळत नाही.

दर बदलायचा असेल तर एक महिना आधी लेखी कळवायचं आणि आधीच्या बिलांना जुनाच दर, हे कलम घाला. व्हॉट्सॲपवर कळवलेलं चालेल का, तेही लिहा. मेसेज पुरावा म्हणून देता येतो, पण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणं सोबत प्रमाणपत्र लागतं, म्हणून महत्त्वाचा बदल कागदावर घेऊन त्यावर सही घ्या. दर महिन्याला बिल नंबर, पार्टी, जीएसटी सोडून रक्कम, परत माल, जमा आणि कमिशन अशा रकान्यांचा तक्ता सेल्समनला द्या. हरकत असेल तर त्यानं १५ दिवसांत सांगावी.

सही करण्याआधी गेल्या महिन्याची खरी बिलं काढा आणि या मसुद्याप्रमाणं कमिशन काढून बघा, मालकानं वेगळं आणि सेल्समननं वेगळं, एकमेकांना न दाखवता. दोन आकडे वेगळे आले तर फरक कुठल्या बिलावर पडला ते शोधा आणि ते कलम पुन्हा लिहा. टक्का त्यानंतर ठरवा.